खिशातली विजेरी

मलकपेठच्या बाजारात महाराष्ट्राचा कांदा येतो. तो पिकवणाऱ्या कित्येकांना रात्रीच्या पाळीच्या विजेवर पाणी द्यावे लागते, आणि घोणस व मण्यार रात्रीच फिरतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. तेव्हा बंधूंनो, विजेरी खुंटीवर नको, खिशात हवी.

लांब झोताचा मोह नको. पुढची चार पावले दिसली की पुरे, १०० ल्युमेन पुष्कळ. दुकानातच ओल्या हाताने बटण दाबून पाहा. आयपीएक्स७ लिहिलेली विजेरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. मला पेन्सिल सेलची बरी वाटते. सेल गावात मिळतात. वापर नसल्यास ते काढून ठेवा, नाहीतर गळून स्प्रिंग गंजते. दंश झालाच, तर जखम न कापता थेट इस्पितळ गाठा.