व्यायामाची तीव्रता, शरीरातील मेद आणि मधुमेह

मधुमेह म्हटला की रक्तातील साखरेचा आकडाच प्रथम डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे एक मोठे मूळ मात्र पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेल्या मेदात असते. या मेदातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृतात व स्नायूंत पोहोचतात आणि इन्सुलिन असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात.

सडपातळ माणसालाही हा धोका असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. म्हणून आपण वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढील घेर हा सावधगिरीचा इशारा समजतात.

आता प्रश्न असा, की व्यायाम किती जोराने करावा? चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम तीव्रता; दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती अधिक तीव्रता. मध्यम गतीने दीर्घकाळ चालताना स्नायू मेदाचा भरपूर वापर करतात. गती वाढली की स्नायूंतील साठवलेली साखर अधिक खर्ची पडते आणि ती भरून काढण्यासाठी स्नायू नंतर रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणजे दोन्ही वाटा उपयोगी आहेत. कमी तीव्रतेला वेळ जास्त द्यावा लागतो, एवढेच. विशेष म्हणजे, वजन फारसे उतरले नाही तरी नियमित व्यायामाने पोटातील मेद घटू शकतो.

आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेऊ शकतो. व्यायामानंतर वाढलेली ही संवेदनशीलता साधारण एक ते दोन दिवस टिकते, मग ओसरते. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधक अभ्यासात धोक्याच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट हे उद्दिष्ट दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले; मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले.

तथापि, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी आणि खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे. हृदयविकार, दृष्टिपटलाचा विकार अथवा पायांची बधिरता असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना वेग वाढवू नये. पायांत नीट बसणारी पादत्राणे असावीत व रोज रात्री तळपाय न्याहाळावेत.

शेतात, गिरणीत, बांधकामावर राबणाऱ्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागला नाही. शिक्षणाने त्यांची मुले खुर्चीवर बसली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु शरीराचे श्रम सुटले आणि ताट तेवढेच राहिले. ती उणीव रोजच्या अर्ध्या तासाच्या झपझप चालण्याने बऱ्याच अंशी भरून निघते. ज्यांना आज एवढे जमणार नाही, त्यांनी दहा मिनिटांपासून आरंभ करावा व दर आठवड्याला थोडी भर घालावी, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे.