वेदना ज्याची त्यालाच कळते काय? धम्म आणि मेंदूविज्ञान : एक अभ्यास



कापूस वेचणीच्या दिवसांत अकोल्याकडच्या कोणत्याही शिवारात जावे. दोन बाया शेजारी-शेजारी पात धरून वेचत असतात. बोंडाची टोके दोघींच्या बोटांना सारखीच बोचतात. एक बोट चोखून पुढे जाते, दुसरी कळवळून थांबते. पाहणारे पहिलीला काटक म्हणतात आणि दुसरीला कामचुकार. हा निवाडा न्याय्य आहे काय? याच प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की वेदना ही शत्रू नव्हे, ती शरीराची राखणदार आहे. आपल्या अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभारली. कुष्ठरोगात चेतातंतू बाधित होऊन हातपाय बधिर होतात. चुलीचा चटका, पायात घुसलेला खिळा कळतच नाही. जखम चिघळत जाते. रुग्णांच्या हातापायांची बरीचशी हानी ही वेदना न कळल्यामुळे होते, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले.

आता वेदनेचा मार्ग पाहू. कातडीला इजा झाली की संदेश चेतातंतूंतून मज्जारज्जूत आणि तेथून मेंदूतील थॅलॅमस या केंद्रात जातो. पुढे मेंदूच्या बाह्य भागात त्याची जाणीव होते. मज्जारज्जूत जणू एक फाटक असून ते संदेश कमी-जास्त सोडते, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला.

२००३ साली अमेरिकेत रॉबर्ट कॉगहिल व सहकाऱ्यांनी १७ निरोगी व्यक्तींच्या पायाला ४९ अंश सेल्सिअसची उष्णता दिली आणि त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. उष्णता सर्वांना एकच. पण दहापैकी गुण देताना कोणी एकच्या आसपास, तर कोणी नऊच्या जवळपास वेदना सांगितली. ज्यांनी जास्त सांगितली, त्यांच्या मेंदूचे संवेदना ओळखणारे, लक्ष देणारे व विचार करणारे भाग अधिक जागृत दिसले. थॅलॅमसमध्ये मात्र फारसा फरक आढळला नाही. म्हणजे संदेश सारखाच पोचला, पण मेंदूने त्याचा अनुभव वेगवेगळा घडविला. सांगणारे लोक सोंग करीत नव्हते.

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. त्यावर शोक करीत, चिडत, भीत आपण स्वतःला मारून घेतो तो दुसरा बाण. पहिला बाण अर्हंतालाही चुकत नाही. दुसरा चुकविता येतो. २०११ साली फादेल झैदान व सहकाऱ्यांनी १५ जणांना चार दिवस, रोज वीस मिनिटे, श्वासावर लक्ष ठेवण्याचे शिक्षण दिले. त्यानंतर चटक्याची तीव्रता त्यांना सरासरी ४० टक्के, तर त्याचा त्रास ५७ टक्के कमी वाटला. तीव्रतेपेक्षा त्रास अधिक कमी झाला, हे ध्यानात घ्यावे. परंतु प्रयोग लहान होता. ध्यान करावे, औषध मात्र सोडू नये. पाठ दुखू लागली तेव्हा भगवंतांनीही सारिपुत्तांना उपदेश करावयास सांगून स्वतः विश्रांती घेतली होती.

या ज्ञानाचा आपल्या समाजाशी काय संबंध? फार मोठा आहे. आमच्या आजीने आयुष्यभर रोजंदारी केली. कंबर दुखते म्हटले की, "तुम्हा लोकांना सवय असते," हेच उत्तर मिळे. शेवटी तिने सांगणेच सोडले. न सांगणे म्हणजे न दुखणे नव्हे. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात असे दिसले की, काळ्या लोकांची कातडी जाड असते अशासारख्या खोट्या समजुती तेथील बऱ्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याही मनात होत्या, आणि अशांपैकी जे काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखत, ते उपचारही कमी योग्य सुचवीत. मेंदूविज्ञान सांगते की फरक माणसामाणसांत आहे. त्यावरून जातीला जाड कातडीची आणि जातीला नाजूक कातडीची ठरविणे हे विज्ञान नव्हे, ती विषमताच होय.

मेंदूचे चित्र पाहून एखाद्याला किती दुखते हे ठरविता येत नाही. म्हणूनच वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची नवी व्याख्या देताना, माणूस स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर करावा, असे स्पष्ट नमूद केले.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे उद्या डॉक्टर, परिचारिका, शिक्षक होतील त्यांनी एवढे करावे. कोणी दुखते म्हणाले तर आधी विश्वास ठेवावा, मग तपासावे. जो बोलत नाही त्याला आपण होऊन विचारावे. घरातील आईला, आजीला आजच विचारावे. अतिसाराने पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूची भगवंतांनी स्वतः शुश्रूषा केली. त्याचे दुखणे खरे की खोटे, असा वाद त्यांनी घातला नाही. करुणेचा आरंभ ऐकून घेण्यापासून होतो.

नमो बुद्धाय! जयभीम!