बालकाच्या सांधेदुखीसाठी तज्ज्ञाची निवड

संधिवात हा उतारवयाचा आजार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे लहान मुलाचा गुडघा सुजला की ‘खेळताना लागले असेल’ असे म्हणून तेल चोळण्यात आणि पट्टा बांधण्यात कित्येक आठवडे जातात. वस्तुतः बालकांनाही संधिवात होतो. लंडन येथील डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचे दुसरे कोणतेही कारण आढळत नाही, अशा सांधेदाहास आज ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात.

नोंदणी खिडकीवर पालकांचा पहिला प्रश्न असतो, “केसपेपर कोणत्या डॉक्टरांचा काढायचा?” प्रशासनात काम करताना हा प्रश्न वारंवार कानी येतो. आमच्या बालरोग विभागाच्या मार्गदर्शनाने त्याचे उत्तर येथे देत आहे.

प्रथम बालरोगतज्ज्ञ

वरील व्याख्येतील ‘दुसरे कोणतेही कारण आढळत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घसा दुखून गेल्यावर एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकणारी वेदना संधिवाताच्या तापाची (ह्रुमॅटिक फिव्हर) असू शकते व त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. एकच सांधा दीर्घकाळ सुजलेला राहिल्यास क्षयरोगाचा विचार करावा लागतो. क्वचित रक्ताचा कर्करोगही सांधेदुखीच्या रूपाने प्रकट होतो. अशा वेळी निदानापूर्वीच स्टिरॉइड दिल्यास मूळ आजार झाकला जातो. म्हणून संपूर्ण बालकाची तपासणी करणारा बालरोगतज्ज्ञ हीच पहिली पायरी होय.

याला एक अपवाद आहे. तापासह एखादा सांधा एकाएकी सुजून गरम झाला आणि मूल पाय टेकवीनासे झाले, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे.

केवळ ‘आर. ए. फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नये. बालसंधिवाताच्या बहुसंख्य रुग्णांत ही चाचणी निगेटिव्हच असते. सकाळी सांधे आखडणे, लंगडणे आणि सूज, ही लक्षणे अधिक बोलकी आहेत. तेव्हा कागदावरील अहवालाइतकेच लक्ष प्रत्येक सांधा हाताळून पाहण्याकडे देणारा डॉक्टर निवडावा.

त्यानंतर संधिवाततज्ज्ञ

बालसंधिवाताचे विशेष प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर थोडे असून ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. ते सहज उपलब्ध नसल्यास मुलांवर उपचार करण्याचा अनुभव असलेले संधिवाततज्ज्ञ व गावातील बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करणे ही उत्तम व्यवस्था ठरते. निवड करताना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

१. आपल्याकडे या विकाराची मुले नियमित येतात काय?

२. डोळ्यांची तपासणी केव्हा करावी? या आजारात डोळा न दुखता, न लाल होता आतून सुजू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पने तपासणी आवश्यक असते. जोखीम अधिक असलेल्या मुलांत ती साधारणतः दर तीन महिन्यांनी करतात.

३. रक्ताच्या तपासण्या व लसीकरण यांवर गावात कोण लक्ष ठेवील?

४. व्यायाम व भौतिकोपचार कोण शिकवील?

५. औषध कसे घ्यावयाचे? मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच दिले जाते. ते चुकून रोज दिल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ठरलेला वार केसपेपरवर लिहून घ्यावा.

६. मासिक खर्च किती येईल व तो किती काळ चालेल?

खर्चाचा विचार

उपचार अनेकदा वर्षानुवर्षे चालतात. नव्या जैविक औषधांचा खर्च मोठा असतो आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. पैशाअभावी मध्येच थांबलेला उपचार सांध्याचे कायमचे नुकसान करू शकतो. म्हणून अडचण आरंभीच सांगावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन समाजसेवा विभागात चौकशी करावी.

तज्ज्ञ वारंवार बदलल्याने तपासण्या पुन्हा होतात, पैसा जातो आणि मौल्यवान महिने निघून जातात. दुसरे मत अवश्य घ्यावे. परंतु उपचाराची सूत्रे एकाच डॉक्टरांच्या हाती ठेवावीत. सर्व केसपेपर, अहवाल व एक्स-रे तारीखवार एका फाइलमध्ये जपावेत. वेळेवर व सातत्याने उपचार मिळालेली अनेक मुले इतरांप्रमाणेच शाळेत जातात व खेळतात.