स्वप्नातील पक्षी आणि युक्त निद्रा

ज्याचा आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व प्रमाणात असतात, त्याचाच योग दुःखनाशक होतो, असे भगवान सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात सांगतात. तेथे निद्रेसाठी योजिलेला शब्द ‘स्वप्न’ हाच आहे. म्हणून निद्रा कशी झाली हे न पाहता केवळ स्वप्नाचे फळ शोधीत बसणे हा विचार अपुरा होय. स्वप्नात पक्षी दिसला असता तर ही सावधगिरी विशेष हवी. कारण संस्कृतात ‘शकुन’ शब्दाचा एक अर्थच पक्षी असा आहे आणि पक्षी दिसताच मन शुभाशुभ ठरवू लागते.

ह्याचे प्रत्यंतर भिलाईसारख्या नगरीत सहज मिळते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारान्वये तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला व १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रात्री विझविता येत नाही. म्हणून काम तीन पाळ्यांत चालते. रात्रपाळी करून आलेला एखादा कामगार दिवसा झोपतो, स्वप्नात घुबड पाहून दचकून उठतो, आणि घरातील वृद्ध म्हणतात, “आज कामावर जाऊ नकोस.”

परंतु ह्या वसाहतीत प्रांतोप्रांतीचे लोक शेजारी राहतात. मराठी घरात अपशकुनी ठरलेले घुबड शेजारच्या बंगाली घरात लक्ष्मीचे वाहन म्हणून आदरणीय असते. पक्षी एकच, अर्थ मात्र दोन! तेव्हा अर्थ पक्ष्याच्या ठायी नसून पाहणाऱ्याच्या संस्कारात आहे, हे उघड होते.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज. ह्यांपैकी पहिले पाच निष्फळ होत. दिवसा पडलेले स्वप्नही तेथे निष्फळच मानले आहे. भावी सुचविणारे स्वप्न शास्त्राने नाकारले नाही, परंतु बहुतेक स्वप्ने त्या कोटीत बसत नाहीत. १९५३ मध्ये शिकागो येथील अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन ह्या संशोधकांनी निद्रेतील नेत्रांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. त्या अवस्थेत जाग आल्यास स्वप्न विशेष आठवते, असे पुढे दिसून आले. रात्रीच्या झोपेत ही अवस्था उत्तररात्री अधिक असते. पहाटेची स्वप्ने मनात ठसतात, त्याचे हे एक कारण होय.

अर्थ लावणाऱ्या मनावर किती भार असतो, हे महाभारताच्या सौप्तिकपर्वात दिसते. वटवृक्षाखाली जागत बसलेल्या अश्वत्थाम्याने एका घुबडास निद्रिस्त कावळ्यांचा संहार करताना पाहिले व तो उपदेशच मानला. कृपाचार्यांनी निषेध केला, तरी त्याने निजलेल्या वीरांचा वध केला. घुबड आपले भक्ष्य शोधीत होते. सूड अश्वत्थाम्याच्या मनात आधीच होता. त्याला केवळ निमित्त हवे होते.

ह्यावरून साधकाने स्वप्नातील पक्ष्यास ‘तू काय सांगतोस?’ असे न विचारता, ‘तुला पाहून माझ्या मनात काय उठले?’ असे स्वतःस विचारावे. भय उठले असेल, तर त्याचे कारण शोधावे. शरीर थकले असेल, तर त्यास विश्रांती द्यावी. अठराव्या अध्यायात निद्रा, भय व शोक न सोडणाऱ्या धृतीस तामस म्हटले आहे. स्वप्नातील भय जागेपणीही कवटाळून बसणे हे त्याच जातीचे. भट्टीपुढे उभ्या असलेल्या मनुष्यास स्वप्नातील घुबडापासून धोका नाही. अपुऱ्या निद्रेपासून मात्र आहे. म्हणून घरातील वृद्धांनी त्यास भय न घालता, दिवसा घरात शांतता राखून त्याची झोप पुरी होऊ द्यावी. त्या घरात युक्त निद्रेची साधना ह्याहून निराळी नाही.