‘पुरे’ म्हणणाराच आधी झोपतो

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३



आजच्या दोन श्लोकांत भगवंत एक उतरता जिना दाखवतात. विषयाचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, क्रोध, मोह. मोहाने स्मृती बिघडते, स्मृती गेली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस संपला.

हे श्लोक खास दारूबद्दल नाहीत. पण ते वाचताना मला एक रात्र आठवते. खरं सांगायचं तर आठवत नाही!

काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या रिलीजची पार्टी होती. सकाळी घरी जाग आली, पण रात्री अकरानंतरचं काहीच डोक्यात नव्हतं. मित्र म्हणाला, “अरे, मस्त गप्पा मारत होतास, मग बाइक घेऊन निघालास.” हातपाय गार पडले. वाटेत कोणी आडवं आलं असतं तर?

मग वाचत बसलो. मेंदूला शांत करणारं रसायन म्हणजे गाबा आणि चेतवणारं म्हणजे ग्लुटामेट. अल्कोहोल पहिल्याचा परिणाम वाढवतं, दुसऱ्याचा दाबतं. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स थोड्या दारूतच सैल पडतो. ‘आता पुरे’ म्हणणारा भाग नेमका हाच. म्हणून तिसऱ्या पेगचा निर्णय आपण घेत नाही, पहिले दोन पेग घेतात. भराभर आणखी प्यायलं की नवीन आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम थांबतं. माणूस चालतो, बोलतो, पण काहीच नोंदलं जात नाही. आमच्या भाषेत, सिस्टीम चालू पण लॉग बंद. ते नंतर शोधूनही सापडत नाहीत, कारण लिहिलेच गेलेले नसतात.

आता शरीराचा हिशोब. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅमच निपटवतं. म्हणजे एका मोठ्या पेगला दोन-तीन तास. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळपास दोन मोठे पेग. कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ हा वेग वाढवत नाही. शिवाय यकृतात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, जे पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही.

म्हणून ‘तिथे गेल्यावर बघू’ हा प्लॅन चालत नाही. बघणाराच तिथे उरत नाही. जिना पहिल्याच पायरीवर सोडायचा, म्हणजे गुरुवारपासून शुक्रवारच्या बैठकीचा विचार मनात घोळतो ना, तिथेच.

एक महत्त्वाचं : रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक एकट्याने बंद करू नये. थरथर, फिट येणं, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी. हा आजार आहे, त्यात लाज कसली? पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय.

आजचा संकल्प : ‘नको’ हा शब्द शुद्धीत असतानाच ठरवून ठेवायचा. आणि मित्र प्यायला असेल तर गाडीची किल्ली आपल्या खिशात.

राम कृष्ण हरी!