मनोरा आणि दिवा

शास्त्रभाग : मत्तय ५:१४-१६, प्रकटीकरण २:१-५



प्रभूने आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटले, हे आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलेही सांगतात. पण प्रकाश देणे म्हणजे काय, हे एखाद्या दीपगृहाजवळ उभे राहिल्यावर अधिक चांगले समजते.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी बेळगावहून गोव्यास एकटाच गेलो होतो. एक दुपार मोकळी मिळाली, म्हणून आग्वादचा किल्ला पाहावयास गेलो. दीपगृह जवळून पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला १६१२ सालचा. लांबच्या सफरीवरील जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. त्यावरूनच त्याचे नाव पडले. किल्ल्यात १८६४ साली बांधलेला पांढरा गोल मनोरा आहे. जवळच, किल्ल्याबाहेर, दुसरे दीपगृह आहे. १९७६ साली जुन्याचे काम थांबले व ते नव्याकडे आले. सोबत कोणी नसल्यामुळे मी तेथे बराच वेळ बसलो. लोक जुन्या मनोऱ्याचीच छायाचित्रे काढीत होते. तेव्हा मला इफिसच्या मंडळीची आठवण झाली.

१. मनोरा म्हणजे प्रकाश नव्हे. जुना मनोरा आजही देखणा आहे. पण रात्री खलाशाला त्याचा उपयोग नाही. इफिसकरांजवळ श्रम होते, धीर होता, खोट्या प्रेषितांची पारख होती. पहिली प्रीती मात्र उरली नव्हती. म्हणून समई काढून घेण्याचा इशारा त्यांना मिळाला. आपल्या अनेक मंडळ्यांना मिशनरींच्या काळातील दगडी मंदिरे लाभली आहेत. त्यांची डागडुजी आपण करतो, वर्धापनदिन साजरे करतो. हे योग्यच आहे. पण शेजारच्या गल्लीतील एकाकी विधवेला, व्यसनात सापडलेल्या तरुणाला आपल्यामुळे वाट दिसते काय?

२. दिवा लहान असला तरी चालतो, काच स्वच्छ हवी. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केलेले भिंग १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआन दीपगृहात प्रथम लावण्यात आले. इकडेतिकडे पांगणारे किरण वळवून ते एका झोतात समुद्राकडे सोडते. त्यामुळे तेलाचा दिवाही कित्येक मैलांवरून दिसू लागला. पण काचेवर काजळी धरली की झोत मंद होई. म्हणून वात कापणे व काच पुसणे हे रखवालदाराचे रोजचे काम असे. शिक्षकहो, पाठाची तयारी, मुलांची नावे घेऊन केलेली प्रार्थना, गैरहजर मुलाच्या घरी जाणे, हे आपले काच पुसणे आहे. ते कोणाला दिसत नाही. पण त्यावाचून झोत लांब जात नाही.

३. खूण बदलू नये. दीपगृहाच्या दिव्याची उघडझाप ठरलेली असते. ती मोजून खलाशी आपण कोणत्या किनाऱ्याजवळ आहोत हे ओळखतो. ती आज एक व उद्या दुसरी झाली, तर जहाज खडकावर जाईल. रविवारी मंदिरात एक आणि सोमवारी दुकानात किंवा कचेरीत दुसरे, असे आपले वागणे असेल, तर आपल्याकडे पाहून चालणारी मुले कोठे जातील?

वर्गासाठी प्रश्न

१. इफिसच्या मंडळीत कोणते गुण होते? काय उणे होते?
२. आपल्या मंडळीत मनोरा कोणता व दिवा कोणता?
३. या आठवड्यात मी कोणती काच पुसावी? एकच काम निवडा व पुढील रविवारी वर्गात सांगा.