‘येत नाही’ आणि ‘अजून आले नाही’
(शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी एक पाठ)

गेल्या पावसाळ्यात, रोवणीची कामे संपत आली असता, मूल येथे दहावीत शिकणारी एक मुलगी आपली विज्ञानाची वही घेऊन माझ्याकडे आली. चाचणीत तिला वीसपैकी चार गुण मिळाले होते. ती म्हणाली, “साहेब, मले केमिस्ट्री जमतच नाही. दहावीनंतर सायन्स घ्यायचंच नाही.” परिचारिकेची पदवी घ्यावी, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. त्या पदवीसाठी बारावीला रसायनशास्त्र लागते, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तिचे डोळे भरून आले होते.

मी विचारले, “त्यात काय काय येत नाही?” ती म्हणाली, “सगळंच.”

आम्ही वही उघडून बसलो. मूलद्रव्यांची नावे तिला येत होती, संज्ञाही येत होत्या. विरलेल्या चुन्याचे रेणुसूत्र तिने बरोबर लिहिले. परंतु त्यात कॅल्शियम एक आणि हायड्रॉक्सिल दोन का, असे विचारताच ती गप्प झाली. संयुजेचा धडा मागील इयत्तेत शिकविला गेला, त्या आठवड्यात ती धान कापणीमुळे शाळेत गेलीच नव्हती. कॅल्शियमची संयुजा दोन, हायड्रॉक्सिलची एक. म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्सिल लागतात, एवढे उमगल्यावर पुढील चार सूत्रे तिने स्वतः मांडली. ‘सगळंच’ येत नव्हते असे नाही. शिडीची एक पायरी निसटली होती, आणि ती शिडीलाच दोष देत होती.

वाचकहो, आजच्या पाठाचा सारांश हाच आहे. कठीण विषयात यश मिळविण्याची वृत्ती म्हणजे ‘मी जिंकणारच’ असे घोकत राहणे नव्हे. ‘मला येत नाही’ ह्या मोठ्या व अंधुक वाक्याच्या जागी ‘मला अमुक गोष्ट अजून आली नाही’ असे लहान व स्पष्ट वाक्य ठेवणे, ही ती वृत्ती होय. पहिल्या वाक्यापुढे वाट नाही. दुसऱ्यापुढे उद्याचे काम आहे.

ह्या रानातील एक उदाहरण

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचे गाव आहे. तेथील भास्कर हलामी ह्यांची हकीकत २०२२ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्यांच्या बालपणी पावसाळ्यात घरी धान्य नसे व हाताला कामही नसे. तेव्हा मोहाची फुले शिजवून व आंबील पिऊन दिवस काढावे लागत. वडील सातवीपर्यंत शिकलेले. शंभराहून अधिक किलोमीटरवरील कसनसूर येथील शाळेत त्यांना स्वयंपाक्याची नोकरी मिळाली, आणि कुटुंब तिकडे गेले. मुलगा तेथील आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकला, शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात गेला, गडचिरोलीत विज्ञानाचा पदवीधर झाला, आणि नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता झाला. पुढे अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून हलामी तेथेच औषध-संशोधन करणाऱ्या एका कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले.

ही हकीकत वाचून ‘मनात आणले की सर्व होते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. मनोधैर्याने पोट भरत नाही. बापाने गाव सोडले, आश्रमशाळा होती, शिष्यवृत्ती होती, म्हणून मुलाला पाय ठेवावयास जागा मिळाली. परंतु जागा मिळाल्यावर चढावयाचे काम त्याचे त्यालाच करावे लागले, आणि तेही एका उडीत नव्हे: कसनसूर, केळापूर, गडचिरोली, नागपूर, अशा एकेका पायरीने.

दुसऱ्याने केलेला निवाडाही अखेरचा नसतो. १९३३ साली कमला भागवत, पुढे कमला सोहोनी ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. त्या स्त्री आहेत म्हणून संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर रामन ह्यांनी प्रथम नकार दिला. त्यांनी हट्ट सोडला नाही. एक वर्ष काम पाहण्याच्या अटीवर त्यांस घेण्यात आले; कामाने रामन ह्यांची खात्री पटली, आणि १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली.

करावयाच्या गोष्टी

१. अडचणीस नाव द्यावे. ‘केमिस्ट्री कठीण आहे’ असे न लिहिता ‘समीकरण संतुलित करताना आकडा कोठे लिहावा ते कळत नाही’ असे लिहावे. असा प्रश्न शिक्षकांस विचारता येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा पाच मिनिटांत मिळते.

२. पुस्तक मिटून आठवावे. तोच धडा पाच वेळा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. एकदा समजून वाचावा, पुस्तक मिटावे व आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा चार दिवसांनी असेच करावे. आठवताना त्रास होतो. त्या त्रासानेच विषय पक्का होतो.

३. चूक खोडरबराने पुसू नये. तिच्याखाली रेघ ओढून ती का झाली हे शेजारी लिहावे. परीक्षेपूर्वी हीच पाने सर्वांत उपयोगी पडतात.

४. शब्दाची वस्तूशी गाठ घालावी. पानाच्या डब्यातील थोडा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा व वरची स्वच्छ निवळी अलगद पेल्यात घ्या. त्यात नळीने हळूच फुंकर घाला. मात्र निवळी ओढून तोंडात घेऊ नका व डोळ्यांत जाऊ देऊ नका. निवळी दुधाळ होते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि चुना ह्यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेट बनते, व ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पांढरे दिसते. आमच्या जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याकडे ज्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात, तिच्यातील मुख्य द्रव्यही हेच. पुस्तकातील समीकरण असे पेल्यात उतरले की ते सहसा विसरत नाही.

५. इंग्रजी शब्द आजच जोडून ठेवावेत. मराठी शाळेतील मूल अकरावीत विज्ञान घेते तेव्हा विषय इंग्रजीतून सुरू होतो, आणि पुष्कळ हुशार मुले तेथे धीर सोडतात. विषय तोच असतो, नावे बदललेली असतात. म्हणून वहीत संयुजा–व्हॅलन्सी, संयुग–कंपाउंड, द्रावण–सोल्युशन अशा जोड्या रोज तीनप्रमाणे लिहाव्यात.

आईबापांस दोन शब्द

‘आपल्या घराण्यात हे कोणाला जमले आहे?’ हे वाक्य आपण सहज बोलतो, आणि मूल ते जन्मभर वागविते. आपणांस रसायनशास्त्र ठाऊक नसले तरी संध्याकाळी ‘आज काय नवे समजले, आणि कोठे अडले?’ एवढे विचारता येईल. कापणीच्या दिवसांत मुलास घरी ठेवण्यापूर्वी, त्या आठवड्यात कोणता धडा बुडेल हेही विचारावे. आणि बुडालाच तर तो भरून काढण्याची वेळ त्याच आठवड्यात ठरवावी.

त्या मुलीस पुढील चाचणीत वीसपैकी अकरा गुण मिळाले. अकरा म्हणजे वीस नव्हेत. परंतु ह्या वेळी ती आली तेव्हा तिच्या हातात एक चिठ्ठी होती, आणि तीवर दोनच प्रश्न लिहिलेले होते.

विचारासाठी प्रश्न

१. ज्या विषयास तुम्ही कठीण म्हणता, त्यातील नेमकी कोणती गोष्ट तुम्हांस अजून आलेली नाही? ती एका वाक्यात लिहा.
२. भास्कर हलामी ह्यांच्या वाटचालीत दुसऱ्यांनी काय दिले व त्यांचे स्वतःचे काय होते?
३. आपल्या गावातील कोणत्या मुलाची एखादी पायरी निसटली आहे, व ती दाखवून देणारे गावात कोण आहे?